चादर स्वस्त, विशेषणं महाग

चादरीच्या पाकिटावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं ते एखादं राजघराणं. रॉयल, इम्पिरियल, महाराजा. त्याखाली पांढऱ्याशुभ्र चादरीवर मांडी घालून कॉफी पिणारं जोडपं. चादरीला सुरकुती नाही आणि कॉफी सांडण्याची धास्तीही नाही, त्यावरूनच कळावं की ही माणसं तिथे राहत नाहीत. मग एक चार अंकी आकडा. आणि सगळ्यात शेवटी, पाकिटाच्या पाठीवर, बारकोडच्या शेजारी, घरातल्या सगळ्यांचे चष्मे एकावर एक चढवले तर दिसेल एवढ्या टायपात खरी बातमी: १०० टक्के पॉलिएस्टर.

चादर विकत घेण्याचं निम्मं शास्त्र हे पाकीट उलटं करण्यात आहे. उरलेलं निम्मं गुणाकारात.

गुणाकार आधी करू, कारण तो कुणी करत नाही. डबल बेडची चादर ९० बाय १०८ इंच, म्हणजे सव्वासहा चौरस मीटर कापड. बरी सुती चादर चौरस मीटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते. दोन अभ्रे धरले की वजन नऊशे-साडेनऊशे ग्रॅम. पिंजण्या-कातण्यात थोडा कापूस वाया जातो, तेव्हा रुई धरा किलोभर. किलोभर रुई निघायला सरकीसकट कापूस लागतो साधारण तीन किलो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने लांब धाग्याच्या कापसाला जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे त्या अख्ख्या चादरीत यवतमाळच्या शेतकऱ्याचा कापूस झाला २४३ रुपयांचा, तोही हमीभाव खरंच हातात पडला तर. सरकी तेलाला आणि ढेपेला जाते, तिचे पैसे वजा करा. तरी पुढे जिनिंग, कताई, विणाई, रंगाई, शिलाई, टेम्पो, दुकानाचं भाडं आणि दुकानदाराच्या मुलांच्या शाळेची फी आहेच.

या एका गुणाकारातून दोन गोष्टी निघतात. पहिली: मोबाईलवर २,९९९ खोडून २९९ ला मिळणारी, दोन अभ्र्यांसकट घरपोच येणारी डबल चादर शुद्ध सुती असू शकत नाही. तेवढ्या पैशांत कापूस शेतातून जिनिंगपर्यंत पोचतो, तुमच्या पलंगापर्यंत नाही. दुसरी: सहा हजारांच्या चादरीतही कापूस साधारण तेवढाच आहे, फार तर अतिलांब धाग्याचा. चांगली सुती डबल चादर हजार-बाराशेपासून दोन हजारांच्या आत मिळते. त्याच्या वरचे पैसे बहुतेक विशेषणांचे.

तेव्हा एकेका विशेषणाची पावती फाडू.

१००० टीसी

टीसी म्हणजे एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून किती धागे बसले याची मोजणी. उभे ९०, आडवे ९०, की झाले १८०. सूत कितीही बारीक कातलं तरी एकेरी सुताने चारशेच्या पुढे फारशी मजल जात नाही, कारण चौरस इंच काही वाढत नाही. मग हजार कुठून येतात? सूत चार पदरी वळायचं, धागे अडीचशेच विणायचे आणि मोजताना प्रत्येक पदर सुटा मोजायचा. एका वेणीत तीन पेड आहेत म्हणून बाईला तीन वेण्या आहेत असं सांगण्यातला हा प्रकार. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी २००५ मध्येच लेखी मत दिलं की पदर मोजून आकडा फुगवणं ही गिऱ्हाइकाची दिशाभूल ठरू शकते. पाकिटांनी ते मत वाचलेलं दिसत नाही.

गंमत म्हणजे आकडा खरा असता तरी तो आपल्याला नको होता. परभणीच्या मे महिन्यात आणि दादरच्या ऑक्टोबरात अंगाखाली हवा खेळायला हवी. त्यासाठी साधी वीण बरी: एक धागा वर, एक खाली. दुकानात हिला पर्केल म्हणतात. १८० ते ३०० टीसीत ती झकास बसते आणि धुण्यागणिक मऊ होत जाते. दुसरी वीण सॅटीनची. तिच्यात धागा चार धाग्यांवरून उडी मारून पाचव्याच्या खाली शिरतो. म्हणून ती चकाकते, हाताला गुळगुळीत लागते, अंगाला उबदार वाटते आणि पैंजणात किंवा टाचेच्या भेगेत अडकून ओढलीही जाते. नाशिकच्या डिसेंबरात ती घ्यावी, मुंबईत भेट म्हणून द्यावी. शक्यतो न आवडणाऱ्या नातेवाइकाला.

‘हॉटेलसारखी चादर’ हे याच कुळातलं विशेषण. हॉटेलातली चादर कडक, पांढरी आणि साध्या विणीची असते. रोज धोबीखान्यात उकळून निघावी म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यात पॉलिएस्टरही मिसळलेलं असतं. तिथे झोप छान लागते, कारण सकाळी ती चादर आपल्याला झटकायची नसते.

इजिप्शियन

जगात पिकणाऱ्या कापसात इजिप्तचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. पाकिटांवर मात्र घरोघर नाईल वाहते.

या नाईलला मोठा पूर आला तो ऑगस्ट २०१६ मध्ये. टार्गेट या अमेरिकी दुकान-साखळीने जाहीर केलं की वेलस्पन इंडिया या आपल्या भारतीय पुरवठादाराने इजिप्शियन कापूस म्हणून दिलेल्या चादरी आणि अभ्र्यांत दुसराच कापूस होता. ऑगस्ट २०१४ ते जुलै २०१६ या काळातले सुमारे साडेसात लाख नग. टार्गेटने व्यवहार तोडला, गिऱ्हाइकांना पैसे परत केले आणि वेलस्पनचा शेअर एका दिवसात २० टक्क्यांनी आपटला. यातला आपल्या कामाचा भाग वेगळाच आहे. हा सगळा उलगडा झाला तो दुकानाच्या चौकशीत. दोन वर्षं त्या चादरींवर पसरलेल्या लाखो पाठींपैकी एकीच्या साक्षीवर तो उभा नव्हता. साध्या पाठीला जो फरक कळत नाही, त्याचे तिप्पट पैसे कशाचे?

लांब धाग्याचा कापूस खरोखर चांगला असतो, यात वाद नाही. धागा लांब असला की सूत बारीक आणि मजबूत निघतं, गोळे कमी धरतं. पण तो आपल्याकडेही आहे. १९७० च्या दशकात कोइमतूरला सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या वाणांच्या संकरातून सुविन निघाला. जगातल्या अतिलांब धाग्याच्या कापसांच्या पंगतीला तो सहज बसतो. पिकतो थोडा, आणि त्याचं नाव घेतलं तर गिऱ्हाईक विचारतं, “इंडियनच आहे होय?” अखेर २०२० मध्ये केंद्र सरकारने भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ हे नाव लावलं. विशेषणाशिवाय कापूस खपत नाही, हे दिल्लीलाही उमगलं म्हणायचं.

ही नाईल सर्वांत थाटात वाहते ती लोअर परळला. ज्या फिनिक्स मिलमध्ये कापड विणलं जायचं, तिथे आज मॉल आहे. गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे साचे थंडावले ते थंडावलेच. कापड चिमटीत धरून सुताचा अंदाज सांगणारी माणसं तिथून उठून गेली. साचेखात्याच्या त्या परिसरात आता एसीच्या गारव्यात आपण मुलांना सांगतो, “हात नको लावूस, महाग आहे.” कापड पारखण्याची एकमेव खात्रीची रीत तीच होती.

ग्लेस कॉटन

“ही कॉटन आहे ना?”

“कॉटनच आहे सर. ग्लेस कॉटन.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे कॉटनसारखीच. फील बघा.”

“कॉटनसारखी की कॉटन?”

“सर, ऑफर आज संपतेय.”

ग्लेस कॉटन, कॉटन फील, कॉटन टच, कॉटन रिच. ‘कॉटन’च्या मागेपुढे दुसरा शब्द चिकटला की आतला कापूस पातळ व्हायला लागतो. ग्लेस कॉटन म्हणून जे विकलं जातं, ते बहुतेक वेळा निव्वळ पॉलिएस्टर असतं. ‘मायक्रोफायबर’ हेही पॉलिएस्टरच, फक्त इंग्रजी शाळेत शिकलेलं. फरक कातडीला कळतो तो घामाच्या वेळी. कापूस हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून सुती चादर घाम पिते आणि दुसरी तो पाठीखाली साठवून पहाटे साभार परत करते.

बांबू

बांबूची चादर म्हणजे चटई, अशी समजूत असलेले लोक सत्याच्या बरेच जवळ आहेत. बांबूपासून थेट धागा काढता येतो, पण तो राठ असतो आणि काढायला मेहनत लागते. बाजारातली मऊसूत ‘बांबू’ चादर त्या वाटेने येत नाही. बांबूचा लगदा करायचा, कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडने विरघळवायचा आणि बारीक छिद्रांतून धागा ओढायचा. याला व्हिस्कोस किंवा रेयॉन म्हणतात. लगदा बांबूचा असो की निलगिरीचा, शेवटी माल तोच. बांबू उरतो फक्त पाकिटावरच्या फोटोत, सोबत एक पांडा.

अमेरिकेत या फोटोचे पैसे मोजावे लागले. रेयॉनला बांबू म्हणून विकल्याबद्दल २०१३ मध्ये ॲमेझॉनसह चार विक्रेत्यांनी मिळून साडेबारा लाख डॉलरहून जास्त दंड भरला. २०२२ मध्ये वॉलमार्टने ३० लाख आणि कोल्सने २५ लाख डॉलर भरले. आपल्याकडे पांडा अजून निवांत आहे.

व्हिस्कोस वाईट नाही. ते मऊ असतं, घामही शोषतं. पण ओलं झालं की दुबळं होतं, आणि आपल्या घरात चादर पिळली जाते ती जुनं वैर असल्यासारखी. घ्यायचंच तर व्हिस्कोसच्या भावाने घ्या, जंगलाच्या भावाने नको.

ऑरगॅनिक

हा शब्द निदान तपासता येतो. ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्डचा शिक्का असेल तर ‘ऑरगॅनिक’ म्हणवण्यासाठी ९५ टक्के तंतू प्रमाणित सेंद्रिय असावे लागतात. शिक्क्याबरोबर प्रमाणपत्राचा क्रमांक असतो आणि तो कुणालाही ऑनलाइन पडताळता येतो. आता दुसरी बाजू. या शिक्क्यामागच्या संस्थेनेच २०२० मध्ये जाहीर केलं की भारतात २०,००० टन कापसाच्या प्रमाणपत्रांत बनवाबनवी झाली, आणि ११ कंपन्यांना बाहेर काढलं. तेव्हा शिक्का असेल तर क्रमांक बघा. क्रमांक नसेल आणि नुसतं हिरवं पान छापलेलं असेल, तर ते पान पालेभाजीचं समजा.

लिनन

लिनन हे खरं, जुनं आणि थंडगार कापड. आपल्या हवेला तर फारच योग्य. घाम पितं, झटकन वाळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. अडचण एकच, किंमत. सुती चादरीच्या दुप्पट-तिप्पट सहज. लिननचा तंतू अळशीच्या झाडाच्या खोडातून निघतो, आणि ती अळशी म्हणजे आपलं जवस. झाड तेच. तंतूसाठी उंच वाढणारे वाण फ्रान्स-बेल्जियमच्या किनारपट्टीत लावतात आणि तिथला तंतू आपण आयात करतो. विदर्भ-मराठवाड्यात पिकतं ते तेला-बियांचं जवस. फ्रेंचांनी खोडाची चादर केली, आपण बियांची चटणी केली. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. भाकरीबरोबर मात्र चादर चालत नाही, हा आपला विजय.

लिनन परवडत नसेल तर हळहळू नका. पातळ सुती चादर ऐंशी टक्के तेच काम करते. दुकानात ‘लिनन लुक’ म्हणाले, की पॉलिएस्टरने पुन्हा आडनाव बदललं एवढं समजा.

हँडलूम

मंगल कार्यालयात लग्नाची तारीख नसली की ‘हँडलूमचा भव्य सेल’ लागतो. बाहेर बॅनर: शेवटचे दोन दिवस. हे शेवटचे दोन दिवस तुळशीच्या लग्नापर्यंत चालतात. आत पायपुसण्यापासून पडद्यांपर्यंत सगळं ‘हातमागाचं’, आणि हजारो नग एकमेकांशी मिलिमीटरपर्यंत जुळणारे. हातमागावर असा चमत्कार होत नाही. सुताची जाडी कुठे किंचित बदलते, किनार अगदी पट्टीने आखलेली नसते. खात्री हवी तर केंद्र सरकारचा २००६ पासूनचा हँडलूम मार्क बघा. खादी घ्यायची तर खादी मार्क. शिक्का नाही, तर तिथे हँडलूम एवढंच आहे की माल हाताने गठ्ठ्यातून बाहेर काढला.

सोलापुरी

या विशेषणाला मात्र उठून नमस्कार करावा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरात माग मांडले आणि पुढे जॅकार्डची नक्षीदार जाड सुती चादर महाराष्ट्राच्या प्रत्येक ट्रंकेत जाऊन बसली. देशात भौगोलिक मानांकनाच्या नोंदी सुरू झाल्या तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या मानकऱ्यांत सोलापुरी चादर होती. इथे सूत आधी रंगतं आणि मग विणलं जातं. त्यामुळे नक्षी उलट्या बाजूलाही ठसठशीत दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. उलटी बाजू फिकट आणि पुसट असेल तर ती नक्षी विणलेली नसून छापलेली आहे.

सोलापूरचं नाव लावून पानिपतात तयार होणाऱ्या चादरींबद्दल सोलापूरचे कारखानदार वर्षानुवर्षं ओरडताहेत. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर आपण जे गमावलं ते बखरीत आहे. चादरीचं नुकसान अजून चालू आहे, त्याची बखर कुणी लिहिली नाही. पानिपतला सरसकट नावं ठेवण्याचं कारण नाही. साऱ्या जगाचे टाकलेले कपडे पिंजून त्यांचं पुन्हा सूत करणारं ते शहर आहे, आणि तिथे चांगला सुती मालही होतो. त्याने पानिपत या नावाने यावं, एवढंच म्हणणं.

एक सूचना सोलापूरच्या अभिमान्यांना. ही चादर मुख्यतः पांघरायची. गादीवर अंथरली तर जाड पडते, मे महिन्यात तर फारच. अभिमान अंगावर घ्यावा, अंगाखाली साधं पर्केल असू द्यावं.

आता दुकानात

सगळ्यात आधी चादर पाकिटातून बाहेर काढायला लावा. “ओपन करता येत नाही” असं उत्तर आलं तर दुकानातून बाहेर पडा. आजवर कापडाच्या दुकानात आपल्यासमोर तागेच्या तागे उलगडले गेले ते उगाच नाही.

उजेडासमोर धरा. वीण एकसारखी दिसली पाहिजे, मधेच चाळण दिसली तर नको. कोपरा दोन्ही हातांनी खसाखसा चोळा. पांढरी भुकटी पडली किंवा कापड एकदम मलूल झालं, तर तो सगळा रुबाब खळीचा होता, पहिल्याच धुण्यात तो मोरीतून वाहून जाणार. ओला रुमाल गडद रंगावर घासा. रुमाल रंगला तर पुढे उशीपासून बनियनपर्यंत सगळे रंगतील. कडेची शिवण बघा: टाके बारीक, दुमड सरळ, कोपऱ्यात दोरे लोंबत नाहीत. जो कारखाना शिवणीत पैसे वाचवतो तो सुतातही वाचवतो.

घरी आल्यावर किनारीचा एक धागा उपसून स्टीलच्या ताटलीत पेटवा. कापूस जळक्या कागदासारखा वास देतो आणि राखेची बोटाने भुकटी होते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर काळा टणक मणी मागे ठेवतं. या परीक्षेत बांबूवाले पास होतात, कारण व्हिस्कोसही कागदासारखंच जळतं. पण पॉलिएस्टरला कॉपी करता येत नाही. परीक्षा घेताना बिल जवळ ठेवा. ताटलीवर मणी दिसला तर ते परतीच्या प्रवासाला लागेल.

आणि सगळ्यात स्वस्त मार्ग, जो कुठल्याही जाहिरातीत नाही: चादर घेऊच नका, कापड घ्या. मुंबईच्या मंगलदास मार्केटात, किंवा तुमच्या गावच्या कापडबाजारात, मोठ्या पन्ह्याचं शीटिंग मीटरवर मिळतं. ९० किंवा १०८ इंच पन्हा, पावणेतीन-तीन मीटर कापड, आणि कोपऱ्यावरच्या शिलाई मशीनवाल्या मावशींकडून दोन बाजूंना दुमड. मधे जोड नाही, पाकीट नाही, जोडपं नाही. उरलेल्या पट्टीत लहान उशीचा अभ्राही निघतो.

अंथरूण पाहून

पाय पसरताना अंथरूण बघायला आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलंय. अंथरूण घेताना गादी मोजायला कुणी शिकवलं नाही. गादी ७२ बाय ७८ इंचांची आणि आठ इंच जाड असेल तर चादरीला दोन्ही बाजूंचे आठ-आठ इंच उतरून खाली जायचं असतं. रुंदीत झाले ८८. तुम्ही ९० बाय १०० ची चादर आणली, तर खोचायला उरला प्रत्येक बाजूला एक इंच. त्यातून सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे तोही इंच गेला. मग रोज सकाळी चादर गोळा होऊन पायथ्याशी सापडते आणि घरात ‘कोण लोळतं’ यावर वाद होतो. दोष कुणाच्या लोळण्याचा नाही, वजाबाकीचा आहे. जाड गादीला १०८ बाय १०८ घ्या.

वजाबाकीचा दुसरा प्रकार म्हणजे दोन हजारांची सुती चादर आणायची आणि तिच्याखाली गादी खराब होऊ नये म्हणून प्लॅस्टिकचं प्रोटेक्टर घालायचं. वरून कापूस, खालून रेनकोट. रात्रभर घाम येतो आणि दोष चादरीला लागतो. कापसाची गादी, पिंजाऱ्याकडून दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतलेली, आजही सर्वांत कमी तक्रार करते. पिंजारी शोधणं मात्र चादर शोधण्याइतकं सोपं राहिलेलं नाही.

विशेषणांनी गोधडीलाही सोडलं नाही. नेसून नेसून मऊ झालेली नऊवारी, तिला हाताचे टाके आणि किंमत शून्य, अशी ही वस्तू. आता तीच ‘सस्टेनेबल’, ‘अपसायकल्ड’, ‘हँडक्राफ्टेड’ अशी तीन विशेषणं अंगावर घेऊन काचेच्या कपाटात चढली आणि किंमतही चार-पाच आकड्यांत गेली. टाके घालणाऱ्या बाईच्या हातात त्यातल्या एका विशेषणाचे पैसे जरी पडले, तरी ही टिंगल मागे घ्यायला आम्ही तयार आहोत.

पॉलिएस्टरच्या बाजूने दोन शब्द

कोकणातल्या जुलैत सुती चादर सोमवारी वाळत घातली तर शुक्रवारी दमट काढावी लागते आणि वास वेगळा. वसतिगृहातला मुलगा चादर सत्राच्या शेवटी धुतो, तेव्हा तिला तोवर तग धरावा लागतो. इस्पितळांना रोज धुऊन टिकणारं कापड हवं. अशा ठिकाणी कापूस-पॉलिएस्टरचं मिश्रण समजूतदार आहे: लवकर वाळतं, कमी चुरगळतं, जास्त टिकतं. फक्त त्याच्यावर कालांतराने बारीक गोळे येतात आणि ते निघता निघत नाहीत, कारण मजबूत पॉलिएस्टर त्यांना सोडत नाही. हे सगळं माहीत असून घेतलं तर तक्रार कसली? पॉलिएस्टरशी भांडण नाहीच. भांडण आहे ते नाव बदलून पलंगावर येण्याशी.

तेव्हा दुकानदाराने तोंडाने कितीही विशेषणं लावली तरी लावू द्या, ऐकायला पैसे पडत नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर शांतपणे एवढंच म्हणा: “दादा, बिलावर ‘शंभर टक्के सुती’ आणि माप लिहून द्या.” जो पेन काढेल त्याच्याकडून दोन चादरी घ्या. जो मॅनेजरला बोलावतो म्हणेल, त्याला सांगा की मॅनेजर येईपर्यंत आम्ही समोरच्या दुकानात आहोत.